जुनी गाडी, नवी गाडी आणि मागची सीट

आम्ही वरठीच्या बचत गटातल्या बायका. मागच्या खेपेला आपण धानाच्या कोंढ्यावर बोललो होतो, त्याआधी रेशन कार्डावर. आज मोटारसायकलवर बोलायचे आहे. हसू नका. मोटारसायकल पुरुषाची वस्तू आहे असे आपण म्हणतो खरे, पण हप्ता कुठून निघतो, दवाखान्यात कशावर बसून जातो आणि अपघात झाला तर घर कोणी ओढायचे, हे पाहिले तर ती आपलीही वस्तू आहे.

विषय निघाला तो आमच्या महिन्याच्या बैठकीत. गटातल्या एका ताईने साठ हजाराच्या कर्जाचा अर्ज ठेवला. कारण काय लिहावे म्हणून सचिवाने विचारले, तर ताई म्हणाली, "घरी गाडी बदलवाची म्हणते जी ते. जुनी झाली म्हणते." भाऊजी कारखान्यात पाळीवर जातात. वरठी म्हणजे सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आणि भंडारा रोड स्टेशन, दिवसरात्र ट्रक आणि मालगाड्या, हे तुम्हाला माहीतच आहे. भाऊजींना शौक एकच, गाडीवर लांब फिरणे. रामटेक, आंभोरा, नागझिरा तर झालेच, वर्षातून एकदा मित्रांसोबत पचमढीचा महादेवही. गाडी कोणती, तर २००९ ची बजाज अव्हेंजर, २०० सीसी. खाली टेकलेली लांब गाडी, पाय पुढे टाकून बसायची. ताई लग्न होऊन आली तेव्हापासून तीच गाडी दारात.

बैठकीत एक म्हातारी मावशी लगेच बोलली, "काहून बदलवता? चालते ना अजून." दुसरी म्हणाली, "साठ हजारात दोन बकऱ्यांचा गोठा होते." तिसरी म्हणाली, "पुरुषाच्या शौकाले गटाचा पैसा नाही." ताई गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "मी बी तं मांगच बसतो त्या गाडीवर. मले कोणी पुसलं का, मले ते गाडी पुरते का नाही?"

त्या एका वाक्यावर आम्ही अर्ज नामंजूर न करता महिनाभर पुढे ढकलला आणि चौकशीला लागलो. चौकशीत जे कळले ते आज सांगतो.

पहिले, ही गाडी आली कुठून. पुण्याच्या बजाज कंपनीने जपानच्या कावासाकीसोबत २००१ साली एलिमिनेटर नावाची आरामात लांब जायची गाडी काढली होती. तिच्याच घडणीवर २००५ मध्ये अव्हेंजर आली, आधी १८० सीसी, मग २००७ मध्ये २००, मग २०१० मध्ये २२०. आपल्याकडे लांब फिरायची गाडी म्हणजे बुलेट, असे तोवर समीकरण होते. ही तिच्याहून हलकी आणि स्वस्त, म्हणून कारखान्याच्या पोरांनी घेतली. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये त्याच कंपनीची डोमिनार आली, ३७३ सीसीची, ताकदीची. भाऊजींचे मन तिच्यावर होते. म्हणजे घरात दोन प्रश्न होते: गाडी बदलायची का, आणि बदलायची तर केवढी.

बदलायची का, याचे उत्तर आम्हाला ब्रेकमध्ये सापडले. गावातल्या मिस्त्रीदादाने आम्हाला चार बायांना समोर उभे करून समजावले. जुन्या गाडीचा पुढचा ब्रेक जोराने दाबला तर चाक जागीच जाम होते. चाक फिरायचे थांबले की गाडी थांबत नाही, घसरते. पावसाळ्यात, किंवा दिवाळीच्या सुमाराला रस्त्यावर धानाचा पेंढा पडलेला असतो तेव्हा, तर पक्कीच घसरते. नवीन गाडीला एबीएस असते. चाकाजवळ एक दातेरी कडे आणि एक सेन्सर असतो. चाक जाम व्हायला लागले की ते यंत्र ब्रेक एका सेकंदात अनेकदा सोडते आणि धरते. चाक फिरत राहते, हँडल हातात राहते. दाबणाऱ्याला बोटाखाली थरथर जाणवते. ती जाणवली म्हणून घाबरून ब्रेक सोडायचा नसतो, हे चालवणाऱ्याला आधी सांगावे लागते.

सरकारने १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना हे एबीएस सक्तीचे केले ते नवीन मॉडेलला एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून चालत आलेल्या मॉडेललाही एप्रिल २०१९ पासून. म्हणून कोणी जुनीच पण "जरा नवी" गाडी घेत असेल तर १ एप्रिल २०१९ ही तारीख लक्षात ठेवा. तिच्या अलीकडची घ्या. एक गोष्ट मात्र विचारा: एबीएस एका चाकाला आहे की दोन्ही? बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असते. दुकानात "एबीएस आहे" एवढेच सांगतात, ते खोटे नसते, पण अर्धे असते.

आणि वेगाचे गणितही मिस्त्रीदादाने जमिनीवर खडूने काढून दाखवले. समोर गाय आली हे डोळ्याला दिसून हाताने ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ४० च्या वेगाने त्या एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे जाते, ८० च्या वेगाने २२ मीटर. हे ब्रेक लागण्याच्या आधीचे. ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर तर वेग दुप्पट झाला की चौपट होते. म्हणजे मोठे इंजिन घेतले आणि ते वापरले, तर नवीन ब्रेकने जे मिळवले ते वेगाने घालवले. हे आम्ही भाऊजींना ऐकवले. ते हसले, पण ऐकून घेतले.

दुसरा बदल इंजिनाच्या पोटातला. जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा मिसळायला कार्बोरेटर असतो. थंडीत चोक ओढा, पेट्रोल संपत आले की कॉक रिझर्व्हवर फिरवा, हे सगळे त्याचे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा बीएस सहा नियम आला आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. आता एक छोटा संगणक ठरवतो किती पेट्रोल सोडायचे. थंडीत पहाटेच्या पाळीला गाडी चटकन सुरू होते, धूर कमी होतो. पण याची एक किंमत आहे, आणि ती गावातल्या माणसाला जास्त पडते. कार्बोरेटर आमचा मिस्त्रीदादा झाडाखाली बसून खोलून, फुंकून साफ करून देतो. इंजेक्शनच्या गाडीत पिवळा दिवा लागला तर त्याला तपासणीचे मशीन लागते. ते नसेल तर भंडाऱ्याला न्या. बॅटरी पार उतरली तर पंप पेट्रोल ओढत नाही, मग ढकलून काही होत नाही. म्हणून आम्ही तर म्हणतो, नवीन गाडी घेण्याआधी घराजवळ तिला हात लावणारा कोण आहे ते पाहा. दुकान गाडी विकते, ती चालती ठेवतो मिस्त्री.

पेट्रोलचेही सांगून टाकतो, कारण पंपावर खूप जण विचारतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले येते. एप्रिल २०२३ च्या पुढच्या गाड्या त्या हिशेबाने बनवल्या आहेत. जुन्या गाडीत मायलेज किंचित कमी पडते आणि रबराच्या नळ्या, वायसर लवकर कडक होऊ शकतात. लगेच गाडी बंद पडते असे नाही. फक्त सर्व्हिसिंगला नळ्या बघायला सांगा, आणि टाकीत पेट्रोल ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका. इथेनॉल पाणी ओढून घेते.

आता मागच्या सीटकडे येऊ. यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

केंद्राच्या मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. त्यात म्हटले आहे की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्का दांडा हवा, पाय ठेवायला फूटरेस्ट हवे, आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकेल अशी जाळी हवी, कपडा चाकात अडकू नये म्हणून. ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो ते हेच. ही आपल्यावर मेहरबानी नाही, कायदा आहे. तरी पाहा, फिरायच्या गाडीला दोन्ही बाजूला सामानाच्या पेट्या लावतात तेव्हा पहिले काय काढून फेकतात? साडी गार्ड. ताईच्या जुन्या गाडीलाही ते नव्हते, भाऊजींनी बॅगेचा स्टँड लावला तेव्हा काढले होते. दहा वर्षे ताई पदर पोटाशी खोचून, एका हाताने सीट धरून बसत होती. गटातल्या एकीची ओढणी चाकात जाऊन ती पडली होती, मानेवर वळ अजून आहे. ती आमच्यासमोरच बसते, म्हणून हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की गाडी बघायला जोडीने जा. चालवून बघायची ट्रायल देतात, त्यात मागेही बसून बघा, साडीवर बसून बघा. ताई गेली. डोमिनारची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटर, अव्हेंजरची ७३७. ऐकायला फरक चार बोटांचा. पण एका बाजूला बसायचे, हातात पिशवी, मांडीवर नातू, तर चार बोटे खूप झाली. शिवाय डोमिनारची मागची सीट पुढच्या सीटहून वर चढलेली. ताई बसली आणि खाली उतरून म्हणाली, "मी भिंतीवर बसल्यावानी वाटते." दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, सवय होते." आमच्या मते सवय होईपर्यंत पडायला नको.

भाऊजींचा चेहरा उतरला हे खरे. पण दुसरी एक गोष्टही डोमिनारच्या विरोधात गेली, ती कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ झाला. ३५० च्या वरच्या गाडीवर आधी २८ अधिक ३ टक्के उपकर असा ३१ टक्के होता, तो ४० झाला. लाख रुपयाच्या मूळ किमतीवर मांडून पाहा. लहान गाडी १ लाख २८ हजारांची १ लाख १८ हजारांवर आली, मोठी १ लाख ३१ हजारांची १ लाख ४० हजारांवर जाते. कंपनी यात थोडे स्वतः सोसते किंवा भाव मागेपुढे करते, ती गोष्ट वेगळी. पण कराची रेघ ३५० वर ओढली आहे, हे माहीत असावे. राज्याचा एकरकमी रस्ता करही इंजिनाप्रमाणे चढतो: ९९ सीसीपर्यंत १० टक्के, २९९ पर्यंत ११, त्यापुढे १२.

शेवटी ठरली ती नवी अव्हेंजर, २२०. भाऊजींचे पाय पुढेच राहिले, ताईचे जमिनीला पोहोचले.

आता पैसा. दुकानाने दिलेले कोटेशन आम्ही बैठकीत मोठ्याने वाचले. आकडे गोल करून सांगतो. गाडी १,३६,०००. रस्ता कर १५,०००. विमा ११,०००. नोंदणी आणि नंबरपाटी १,०००. पुढे "हँडलिंग" २,००० आणि "ॲक्सेसरीज" ५,०००. एकूण १,७०,०००. आम्ही शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवले. हँडलिंग ही सरकारी फी नव्हे. गाडी गोदामातून दुकानात आणायचा खर्च गिऱ्हाइकाने वेगळा का द्यावा? ॲक्सेसरीजमध्ये काय, तर सीट कव्हर, टाकीचे कव्हर, एक हेल्मेट. हेल्मेट तर गाडीसोबत कंपनीनेच द्यायचे असते, तसा नियम १३८ मध्ये आहे. ताईने हे दुकानात शांतपणे विचारले. अर्धा तास गेला, चहा झाला, सात हजार कमी झाले. १,६३,००० वर आले.

जुनी गाडी २२,००० ला गेली. घरचे २१,०००. उरले १,२०,०००.

दुकानातच फायनान्सचा टेबल असतो. तिथला माणूस म्हणाला, "फक्त दहा टक्के." आमच्या गटाच्या हिशेबनिसाने विचारले, "दहा टक्के कशावर? घेतलेल्या रकमेवर की उरलेल्या?" तो म्हणाला, "फ्लॅट." बायांनो, हा शब्द पाठ करा. ८०,००० वर फ्लॅट दहा टक्के, तीन वर्षे, म्हणजे व्याज २४,०००. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ८०,००० वर. शेवटच्या वर्षी हातात त्यांचे निम्मे पैसेही नसतात, तरी व्याज पहिल्या दिवसासारखेच. उरलेल्या रकमेच्या हिशेबाने पाहिले तर हा दर जवळपास १८ टक्के पडतो. ताईला नंतर एका बँकेने साडेअकरा टक्के सांगितले, उरलेल्या रकमेवर. दहापेक्षा साडेअकरा मोठे दिसते ना? पण तेच ८०,०००, तीच तीन वर्षे, आणि व्याज पंधरा हजारांच्या आत. हप्ता २,६४० च्या आसपास. दुकानातल्या दहा टक्क्याचा हप्ता २,८८९. बँकेत दोन फेऱ्या जास्त झाल्या, त्याचे नऊ हजार वाचले. एका फेरीला साडेचार हजार रोजी कोण देते?

राहिले ४०,०००, ते गटाने दिले. आमच्याकडे शेकडा एक रुपया महिना, उरलेल्या रकमेवर. महिन्याला २,००० मुद्दल, वीस महिने. पहिल्या महिन्याचे व्याज ४००, मग ३८०, मग ३६०, असे उतरत शेवटी २०. एकूण व्याज ४,२००, आणि तेही गटातच राहणार. साठ हजार मागितले होते ते चाळीस कसे झाले, तर दुकानाची सात हजारांची कपात आणि जुन्या गाडीला बऱ्यापैकी मिळालेला भाव. म्हातारी मावशी शेवटपर्यंत म्हणत राहिली की गटाचा पैसा कमाईच्या कामाला जावा. तिचे म्हणणे चूक आहे असे आम्हाला वाटत नाही. म्हणूनच वीस महिने ताईला दुसरे कर्ज मिळणार नाही, असे ठरावात लिहिले.

ठरावात आणखी एक अट टाकायची आमची मोठी हौस होती: गाडी ताईच्या नावावर. गटाचा पैसा, तर बाईचे नाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण विम्याचे कागद वाचले तेव्हा आम्हीच अडलो. सांगतो कसे ते. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो कोणाला, तर ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे, त्याला. ताईकडे लायसन्स नाही. गाडी तिच्या नावावर आणि चालवणार भाऊजी, म्हणजे भाऊजींना काही झाले तर तो १५ लाखांचा विमा मिळणार नाही, आणि ताईलाही नाही. हप्ता मात्र भरलेला. आमच्या टाळ्या तिथेच थांबल्या. दोन वाटा होत्या. भाऊजींचा वेगळा अपघात विमा काढायचा आणि गाडी ताईच्या नावावर ठेवायची. किंवा गाडी भाऊजींच्या नावावर आणि नोंदणीत नॉमिनी ताई. गाडीच्या नोंदणीत नॉमिनी टाकायची सोय २०२१ पासून आहे, पण बऱ्याच जणांना ठाऊक नसते आणि दुकानात कोणी आपणहून विचारत नाही. मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव करून घ्यायचे. नॉमिनी असेल तर ते सोपे जाते. आम्ही दुसरी वाट घेतली. ज्या बाईकडे स्वतःचे लायसन्स आहे आणि जी स्वतः चालवते, तिने गाडी खुशाल स्वतःच्याच नावावर घ्यावी.

विम्यात याहून मोठा खड्डा मागच्या सीटचाच आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. म्हणून घरोघरी म्हणतात, "पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे आपल्या गाडीला." तो पाच वर्षांचा आहे दुसऱ्याला लागले तर. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा सहसा पहिल्या एकाच वर्षाचा दिलेला असतो, अपघात विमाही बहुतेक तेवढाच. आणि मागे बसलेली बाई ही "दुसरा" धरली जात नाही! नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर दुचाकीवर मागे बसलेल्याची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका प्रकरणात म्हटले आहे. म्हणजे रस्त्याने चालणाऱ्याला लागले तर कंपनी देते, आणि आपण नवऱ्याच्या मागे बसून पडलो तर देत नाही. हे ऐकून बैठकीत थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

तर करायचे काय? विमा घेताना तोंडाने विचारायचे: मागे बसणाऱ्याचा अपघात विमा यात आहे का? नसेल तर थोडा हप्ता वाढवून तो जोडून मिळतो. पॉलिसीच्या कागदावर ती ओळ छापून आली का ते बघायचे. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाची तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवायची. आणि बँकेतला २० रुपये वर्षाचा पंतप्रधान सुरक्षा विमा सगळ्यांनी काढायचाच, अपघाती मृत्यूला दोन लाख देतो. तो गाडीवर नाही, माणसावर असतो, म्हणून मागे बसा की पुढे, सारखाच.

जुन्या गाडीचा दावा कधी घेतला नसेल तर त्या विम्यावर "नो क्लेम बोनस" साठलेला असतो, २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतले तर नवीन गाडीच्या नुकसान विम्यात तेवढी सूट मिळते. भाऊजी वर्षानुवर्षे नुसता थर्ड पार्टी विमा भरत होते, म्हणून त्यांना हे मिळाले नाही. तुमच्याकडे असेल तर सोडू नका.

आता जुनी गाडी विकायची रीत. इथे आमच्याच एका घरची गोष्ट सांगतो. चार वर्षांपूर्वी एकीच्या घरची जुनी गाडी एका ओळखीच्याने नेली. पैसे रोख दिले, कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या, "नाव मी करून घेतो" म्हणाला. त्याने ती पुढे विकली. सहा महिन्यांनी दंडाचे चलान या घराच्या मोबाइलवर, मग पोलीस दारात, कुठेतरी त्या गाडीने एकाला उडवले होते. त्या माणसाचा फोन बंद. सासूबाई आजारी, आणि घरचा माणूस ठाण्याच्या फेऱ्या मारतो. कायदा काय म्हणतो? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच भरपाईसाठी मालक. गाडी मागेच विकली हे म्हणून भागत नाही.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० कोरे देऊ नका. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख भरून, मगच सही. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत विकणाऱ्याने आरटीओला कळवायचे असते, म्हणजे हे घेणाऱ्याचे एकट्याचे काम नाही. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स, किती वाजता गाडी दिली ते लिहिलेली पावती आणि किल्ली देतानाचा एक फोटो ठेवा. दुकानात जुनी देऊन नवी घेतली तरी हेच, कारण दुकान ती पुढे दलालाला देते. नाव बदलले का ते परिवहनच्या मोबाइल ॲपवर नंबर टाकून दिसते. नाव अर्धवट झाकलेले असते, पण बदलले की नाही ते कळते. एमएच ३६ पुढचे आकडे मात्र बरोबर टाका, आम्ही पहिल्यांदा दुसऱ्याच कोणाची गाडी बघत बसलो होतो.

विकायच्या आधी दोन गोष्टी निपटलेल्या हव्यात. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करून घेतलेली हवी. ती पाच वर्षांसाठी होते, फी एक हजार आणि वर पर्यावरण कर. भाऊजींनी २०२४ मध्ये ती केली होती, म्हणूनच बऱ्यापैकी भाव आला. आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी पाटी हवी, नाहीतर आरटीओत काम अडते. तिसरे, कर्ज कधीचेच फिटले असले तरी कागदावर फायनान्स कंपनीचे नाव राहिलेले असते. गटातल्या दुसऱ्या एका घरी असेच झाले: दहा वर्षांपूर्वी शेवटचा हप्ता भरला, पण फॉर्म ३५ आणि ना हरकत पत्र घेतले नाही. आता त्या कंपनीची इथली शाखाच नाही. नागपूरला तीन फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे कागद मिळाला. कर्ज फिटले त्याच आठवड्यात हे काम करा.

गाडी घरी आणायच्या दिवशी आम्ही तिघी ताईसोबत गेलो होतो. नंबरपाटी लागल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, हे ठरले होते. किल्ल्या दोन घेतल्या. कागदांत नॉमिनीचे नाव वाचले, विम्यात मागच्या सीटची ओळ वाचली. हेल्मेट दोन, दोन्हींवर आयएसआयची खूण. भाऊजींनी नारळ फोडला, पेढे वाटले. दिवसाउजेडी पुढचा दिवा चालू म्हणून रस्त्यातला एक जण हात हलवून सांगायला लागला. २०१७ पासूनच्या गाड्यांना तो बंद करायचे बटनच नसते, हे आता तुम्हीही लोकांना सांगा.

सगळे झाले, ताई बसायला गेली आणि थांबली. वाकून मागच्या चाकाकडे पाहिले. जाळी नव्हती. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, आजकाल कोणी लावत नाही, गाडीचा लुक जातो." ताईने हेल्मेट सीटवर ठेवले आणि खुर्ची ओढून बसली. "लावा," म्हणाली, "मी थांबतो." आतून शोधून आणायला चाळीस मिनिटे लागली. आम्ही तिघी आणि भाऊजी, पेढ्याचा रिकामा डबा घेऊन, तेवढा वेळ बसलो.